सभापती शेवंताक्का, मंगळवार पेठ

मला सभा आवडत नाहीत. तरी मंडळाचा चिटणीस म्हणून मी कितीतरी वर्षं सभा भरवल्या, सतरंज्या घातल्या, गोळा केल्या आणि ज्यांना धड बोलता येत नाही त्यांची लांबलचक भाषणं मान डोलवत ऐकली. या सगळ्या शिक्षेत एकच सुख पदरात पडलं, ते म्हणजे शेवंताक्का सभापती असतानाच्या सभा. त्यांच्याबद्दल मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मला त्या फार आवडायच्या.

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या टोकाला आमची वस्ती आहे. वस्तीत बुद्धविहार, विहाराला लागून मंडळाचा हॉल, आणि हॉलसमोरच्या दोन खोल्यांत शेवंताक्कांचं घर. अक्का मंडईत पालेभाजी विकायच्या. त्यांनी "मेथीऽऽ" अशी आरोळी दिली की पलीकडच्या रस्त्यावरची गिऱ्हाइकं वळून बघायची. नवरा भाऊसो फौंड्रीत कामाला. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. लग्न झाल्यापासून त्यांना बोलायची फारशी गरजच पडली नव्हती.

अक्कांना जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं. विहाराला कोणता रंग द्यावा, नळाला पाणी कधी यावं, कुणाच्या सुनेनं आमटी कशी करावी, पंतप्रधानांचं कुठं चुकलं, सगळ्याबद्दल. आणि मत सुचलं की ते त्याच क्षणी बाहेर यायचं. त्र्याण्णव सालच्या वार्षिक सभेत पहिला विषय होता मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर करणे. त्यावर अक्का बोलायला उभ्या राहिल्या आणि सभा तिथंच संपली. बाकीचे विषय पुढच्या वर्षावर गेले.

आमचं मंडळ तसं शिस्तीचं. याचं श्रेय प्रसेनजीत सरांना. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. ज्या समाजानं राज्यघटनेवर जीव टाकला त्या समाजाची सभा तरी बाजारासारखी चालू नये, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटायचं. मात्र सरांचं एक वेड होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये डेनिसन नावाचा एक सभापती होऊन गेला. पंधरा वर्षं खुर्चीत होता. सर त्याच्याबद्दल असं बोलायचे की नवख्याला वाटावं, हा सरांचा आतेभाऊ असून राजारामपुरीत राहतो. "डेनिसनसाहेबांनी अशा वेळी काय केलं असतं?" हा सरांचा आवडता प्रश्न, आणि उत्तर फक्त त्यांनाच माहीत असल्यामुळं त्यांचं कधी चुकायचं नाही.

चौऱ्याण्णव साली सरांनी ठरवलं की आपल्या मंडळातही सभापती रीतसर निवडायचा आणि त्यानं तिकडच्या रीतीनं वागायचं. म्हणजे खुर्चीत बसल्यावर कुणाची बाजू घ्यायची नाही. आपलं मत सांगायचं नाही. हे ऐकून ज्ञानू टेम्पोवाला एकदम सावध झाला.

"म्हंजे सर, खुर्चीतल्या माणसानं चर्चेत बोलायचंच न्हाय?"

"अजिबात नाही. फक्त सभा चालवायची."

"किती दीस?"

"खुर्चीत असेपर्यंत."

ज्ञानूनं मान वळवून शेवंताक्कांकडं पाहिलं. त्या वेळी त्या कोपऱ्यात बसून कुणाला तरी मूळव्याधीवर औषध सांगत होत्या. पुढच्या आठवड्यात ज्ञानू घरोघर फिरला. बायकांना राखीव जागा मिळायला लागल्याचे ते दिवस, त्यामुळं त्याला सबबही चांगली मिळाली. आपल्याही मंडळात यंदा बाईच सभापती झाली पाहिजे, असं तो इतक्या कळकळीनं सांगायचा की त्याच्या बायकोलाही भरून आलं. पुरुषांना मात्र तो हळूच कानात खरं कारण सांगायचा. अक्कांना एकदाचं खुर्चीत बसवा, वस्ती वर्षभर शांत.

निवड एकमतानं झाली. अक्कांचं नाव पुकारलं तशा त्या उठून दाराकडं निघाल्या.

"मला न्हाय व्हायचं! मला बोलायचं असतंय. गप बसायला मी काय दगड हाय?"

आता इथं सरांनी आम्हाला आधीच एक गोष्ट सांगून ठेवली होती. तिकडं नव्या सभापतीला दोघं सदस्य धरून, ओढत खुर्चीपर्यंत नेतात आणि सभापती मी येत नाही, मी येत नाही असं दाखवतो. जुनी रीत आहे. त्यामुळं अक्का दाराकडं पळाल्या तेव्हा सगळ्या सभेला वाटलं, वा, काय छान पाठ केलंय! टाळ्या पडल्या. ज्ञानूनं एक हात धरला, मी दुसरा. अक्कांनी माझ्या पोटरीवर लाथ मारली. टाळ्या वाढल्या. ज्ञानूच्या मनगटाला त्या चावल्या तेव्हा तर म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. दोन बांगड्या फुटल्या, एक चप्पल सतरंजीखाली गेली, आणि अक्का बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या, "अरं मुडद्यांनो, मी खरंच न्हाय म्हणालोय!"

"अगदी हेच!" सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिकडंही अगदी असंच असतं!"

अशा रीतीनं शेवंताक्का सभापती झाल्या. खरं काय घडलं ते सरांना समजायला दोन दिवस लागले, आणि समजल्यावर ते माफी मागायला गेले तर अक्का पितळी तांब्या घासत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता. त्या ज्ञानूला वाटलंय मला गप करंल. बघतोच मी."

पहिल्या सभेला त्या काठापदराचं लुगडं नेसून आल्या. टेबलावर आपटायला हातोडी नव्हती, म्हणून त्यांनी तराजूतलं किलोचं वजन आणलं होतं. ते त्यांनी असं आपटलं की पाण्याचा पेला उलटला.

"ज्यानं हात वर केला त्यानं बोलायचं. एकाचं झाल्याबिगर दुसऱ्याचं न्हाय. मंडईत मी एकाची जुडी दुसऱ्याच्या पिशवीत टाकत न्हाय. बोला."

ज्ञानू बोलायला उठला. त्याला वाटलं, आता रान मोकळं. तो गटारावरून रस्त्यावर गेला, रस्त्यावरून मेव्हण्याच्या टेम्पोवर गेला. वजन आपटलं.

"इषय गटाराचा हाय. तुमचा मेव्हणा गटारात पडला आसंल तर बोला, न्हायतर खाली बसा."

सभा हसून लोळली, आणि गटाराचा विषय त्या दिवशी मिटला. त्या वर्षी आमच्या सभांतले सगळे विषय संपले. मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. मत न देता माणसाला किती बोलता येतं हे अक्कांनी आम्हाला दाखवून दिलं. पुढच्या वर्षी त्यांचं नाव ज्ञानूनंच सुचवलं, आणि या वेळी कुणाला ओढावं लागलं नाही. मग दरवर्षी त्याच.

त्यांची मतं कुठं गेली, असं कुणी विचारेल. ती घरी जायची. सभा संपली की समोरच्या घरात दुसरी सभा भरायची, आणि तिला भाऊसो एकटे हजर असायचे. प्रत्येक विषयावर अक्कांचं काय म्हणणं आहे ते त्यांना सविस्तर ऐकावं लागायचं. मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊसोदादा, नळाच्या प्रश्नावर अक्कांचं मत काय हो?" ते घाबरून इकडंतिकडं बघत म्हणाले, "शपथ घातलीया. सांगता येत न्हाय."

सरांकडून अक्का डेनिसनबद्दल ऐकायच्या. त्यानं निवृत्त होताना पेन्शन नको म्हणून सांगितलं, हे त्यांना बिलकूल पटलं नाही. "घरात खाणारी तोंडं नसतील," म्हणाल्या. पण एक गोष्ट त्यांनी मनापासून उचलली. दोन्हीकडं सारखी मतं पडली तर सभापतीला एक निर्णायक मत देता येतं. डेनिसन म्हणायचा, जे बहुमत सभेत नाही ते सभापतीनं आपल्या एका मतानं तयार करू नये. अशा वेळी जे चालू आहे ते तसंच राहू द्यावं.

"बराबर हाय," अक्का म्हणाल्या. "काटा मधी थांबला तर आपण बोट लावायचं न्हाय."

तेव्हा हे बोलणं सोपं होतं.

दोन हजार तीन सालची गोष्ट. अक्कांचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा, आणि त्याची दोन मुलं, सार्थक आणि प्रीती, आजीच्या जिवाची. सार्थक वीस वर्षांचा, आमच्या झांजपथकाचा म्होरक्या. त्या पथकाचं मी काय वर्णन करू! पोरं गिरक्या घेत झांजा वाजवायला लागली की माझ्यासारखा सभेला कंटाळलेला माणूसही जागच्या जागी पाय हलवायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांना बघायला माणसं छपरांवर चढायची. त्यासाठी जानेवारीपासून रोज संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सराव चालायचा.

आणि प्रीती बारावी सायन्सला. परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. घरात दोन खोल्या, सहा माणसं, एक टीव्ही. समोर हॉलमध्ये चाळीस झांजा. पोरगी कानात कापूस घालून रसायनशास्त्र वाचायची. वस्तीत तिच्यासारख्या आणखी मुली होत्या, दहावीच्या, बारावीच्या, नर्सिंगच्या. त्यांच्या वतीनं प्रीतीनं ठराव मांडला. रोज संध्याकाळी हॉल अभ्यासिका म्हणून द्यावा, या परीक्षेपुरता नाही, कायमचा.

सभेला हॉल भरून माणसं बाहेर उभी. प्रीती बोलली, चांगली बोलली. मग सार्थक उठला.

"अभ्यासाला आमचा इरोध न्हाय. पण आमी जायाचं कुठं? मैदानावर क्रिकेटवाली हुसकावत्यात. रस्त्यावर पोलीस येत्यात. वर्षातनं एकदा आख्खं कोल्हापूर आमच्या वस्तीकडं मान वर करून बघतंय, ते ह्या झांजांमुळं. ते बंद करायचं व्हय?"

तेही खरं होतं. मी चिटणीस म्हणून कुणालाही मत सांगितलं नाही, कारण मला दोन्ही पटत होतं आणि असल्या वेळी मला भयंकर राग येतो. दोन तास बोलणं चाललं. अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. एक नातवंड डावीकडं, एक उजवीकडं. त्यांनी दोघांनाही सारखाच वेळ दिला, आणि सार्थक बहिणीच्या मधे बोलला तेव्हा त्यालाही वजन आपटून गप्प केलं.

मग हात वर झाले. मी मोजले. पुन्हा मोजले. सर कधी मत देत नसत, म्हणून त्यांनाही मोजायला लावले. बरोबर निम्मे इकडं, निम्मे तिकडं.

 सगळे अक्कांकडं बघत होते. प्रीतीच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, कारण आजीला काय वाटतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजीला चौथीतून शाळा सोडावी लागली होती, आणि प्रीतीचं पुस्तक उघडं दिसलं की आजी चुलीपुढची कामंसुद्धा चोरपावलांनी करायची.

अक्कांनी पदर सारखा केला.

"जेला सभेत बहुमत न्हाय, तेला मी खुर्चीतनं बहुमत देणार न्हाय," त्या म्हणाल्या. "हाय तसं ऱ्हाईल. ठराव पडला."

झांजवाल्या पोरांनी आरडाओरडा केला. प्रीती उठून निघून गेली. सर माझ्या शेजारी बसले होते, ते हलक्या आवाजात म्हणाले, "डेनिसनसाहेबांनीही हेच केलं असतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे बोलताना त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

त्या संध्याकाळी समोरच्या घरात दुसरी सभा भरली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊसो माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला. "काय बोलतच न्हाय हो ती. कालधरनं एक शब्द न्हाय. मला झोप लागंना." प्रीती आजीच्या हातचं जेवत होती पण आजीशी बोलत नव्हती. सार्थक जिंकला होता, तरी घरात कुणी त्याला शाबासकी देईना. तो सराव करून आला की झांजा उशाशी ठेवून गुमान पडायचा.

चार दिवसांनी अक्का भाजीची पाटी डोक्यावर घेऊन थेट सरांच्या दारात गेल्या. मी तिथंच चहा पीत होतो.

"सर, तुमचा सायेब पंधरा वर्सं खुर्चीत बसला. पंधरा वर्सांत एकदाबी उठला न्हाय? कुणासाठीच न्हाय?"

सरांनी कप खाली ठेवला. मग आत जाऊन एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले, पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"उठला होता, अक्का. अठराशे सत्तर साली. शेतीकामाच्या घोड्यांवरच्या कराचा विषय होता. तिकडं सभागृहाची समिती बसते तेव्हा सभापती खुर्चीत नसतो, साधा सदस्य असतो. एरवी सभापती तिथंही मत देत नाहीत. त्यांनी दिलं. आपल्याच बाजूच्या सरकारच्या विरोधात, शेतकऱ्यांच्या घोड्यांसाठी. आणि सरकार हरलं!"

अक्कांनी पाटी खाली ठेवली.

"घोड्यांसाठी?"

"हो."

"तो घोड्यांसाठी उठला, आणि मी पोरींसाठी बसून ऱ्हातो व्हय!"

"पण अक्का," सर घाईघाईनं म्हणाले, "तो नंतर परत खुर्चीत बसला. आपल्याकडं तशी समिती नाही. आपल्याला खुर्ची सोडायची तर राजीनामाच द्यावा लागेल. आणि एकदा बाजू घेतल्यावर पुन्हा सभापती म्हणून तुम्हाला सगळे मानतील का? मला नाही वाटत. विचार करा."

अक्का पाटीतली कोथिंबीर नीट लावायला लागल्या. त्यांना ती खुर्ची किती आवडत होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मंडईत कुणी भाव पाडून मागितला तर त्या म्हणायच्या, "सभापतीसंग बोलालाईस, जरा जपून." शाहूपुरीतल्या एका मंडळानं त्यांना आपली सभा चालवायला बोलावलं होतं, तेव्हा त्या रिक्षा करून गेल्या होत्या. आयुष्यात स्वतःसाठी केलेली त्यांची ती पहिली रिक्षा.

"कोथिंबीर घ्या," त्या म्हणाल्या. "ताजी हाय." आणि पाटी उचलून गेल्या.

प्रीतीनं ठराव पुन्हा मांडला होता. पुढच्या रविवारी सकाळी सभा भरली. वंदना झाली, अक्का खुर्चीजवळ आल्या, पण बसल्या नाहीत.

"मी सभापतीपद सोडालोय," त्या म्हणाल्या. "मला बोलायचंय. खुर्चीतनं बोलता येत न्हाय."

ज्ञानू उभा राहून ओरडला, "अक्का, आसं करू नगा! तुमच्याबिगर सभा कोण चालवणार?" ज्या माणसानं त्यांना गप्प करण्यासाठी खुर्चीत ओढलं होतं त्याचे डोळे भरून आले होते. मला हसूही आलं आणि रडूही, हे इथं सांगून टाकतो.

सर खुर्चीत बसले. अक्का बायकांमध्ये जाऊन सतरंजीवर बसल्या आणि हात वर केला. सरांनी नाव पुकारलं. नऊ वर्षांनंतर शेवंताक्का सभेत मत सांगायला उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता संध्याकाळ होणार. मी पाण्याचा तांब्या जवळ घेतला.

"सार्थक झांज वाजवतोय तवा माझी छाती फुगतीया," त्या म्हणाल्या. "खोटं सांगत न्हाय. पण झांज नदीवर वाजंल, माळावर वाजंल, कुठंबी वाजंल. तिचा आवाज कुणी बंद करू शकत न्हाय. वाचणाऱ्या पोरीला शांत जागा लागती, आणि ती तिला कोणच देत न्हाय. मला न्हाय मिळाली. माझं मत प्रीतीच्या बाजूनं हाय. बास."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

हात वर झाले. एकही माणूस इकडचा तिकडं गेला नाही. सार्थकचा हात विरोधात होता, अगदी ताठ, आणि भाऊसोंचाही, कारण त्यांना झांज फार आवडायची. तिकडची मतं मागच्याइतकीच भरली. इकडं एक जास्त होतं. सरांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि पोरींनी असा गलका केला की झांजा बऱ्या वाटाव्यात. प्रीती आजीच्या गळ्यात पडली. इतक्या दिवसांचा अबोला एका मिनिटात वाहून गेला.

गर्दी पांगली तेव्हा सार्थक हॉलच्या पायरीवर बसला होता. अक्का त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी सतरंजी गुंडाळत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आज्जी," तो खाली बघत म्हणाला, "तू खुर्चीत बसून ऱ्हायली असतीस तर मी जिंकलो असतो."

"व्हय की," अक्का म्हणाल्या. "म्हणूनच उठलो."

त्यानं मान वर केली. आधी रागानं बघितलं, मग त्याला हसू फुटलं, आणि मग दोघंही हसत सुटली. अक्कांनी डोळे पुसले. विहारामागं जुनी लाकडी बाकं पडून होती, ती त्यांनी बोटानं दाखवली.

"ऊठ. ती बाकं आत घ्याला पायजेत. पोरी काय भुईवर बसून लिवणार हाईत?"

सार्थकनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पहिल्या बाकाचं एक टोक उचललं. दुसऱ्या टोकाला अक्का होत्या.